हौद्याच्या काठाला आकडा का नाही?

पिकअपच्या मागच्या हौद्याला तीन बाजूंनी पत्र्याची भिंत असते आणि चौथ्या बाजूला उघडणारा फाळका. त्या भिंतीच्या वरच्या काठावर आपण काय काय टाकतो ते आठवून बघा. पाइप आणि बांबू आडवे टाकले की त्यांचं वजन काठावर येतं. मंडपवाल्याच्या कमानी काठावर टेकवलेल्या असतात. पाण्याच्या टाकीचा दोर काठाच्या हुकात अडकवून करकचून आवळलेला असतो. आणि जत्रेला, वरातीला, सभेला निघालेली पोरं काठावरच बसतात. पाय आत, पाठ रस्त्याकडे.

या काठानं नेमकं किती वजन पेलावं?

गाडीच्या आरसी बुकात एकूण वजनाचा आकडा असतो. टायरच्या भिंतीवर टायरचा आकडा कोरलेला असतो. एक्सलचा आकडा सरकारी अधिसूचनेत सापडतो. काठाचा आकडा मात्र सहसा कुठेच नसतो. पिकअपची जन्मभूमी असलेल्या अमेरिकेत या काठाला ‘बेड रेल’ म्हणतात. तिथले लोक त्यावर टूलबॉक्स बसवतात, शिड्यांचा रॅक चढवतात, हल्ली तर रॅकवर तंबू लावून झोपतात. तरीही ‘काठावर किती?’ याचं सरळ उत्तर तिथल्या गाड्यांच्या माहितीपुस्तकांतही सहजासहजी मिळत नाही. असं का, हे मला पिकअपचा शंभर वर्षांचा इतिहास वाचताना उलगडत गेलं. तोच इथे सांगतो.

२८१ डॉलरची गाडी

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली. ती होती माणसं नेणारी मोटार. पण अमेरिकन शेतकऱ्याला दूध, बटाटे, कोंबड्यांचं खाद्य आणि डुकराची पिल्लंही न्यायची होती. मग लोकांनी मागची बाजू कापून तिथे लाकडी खोका ठोकायला सुरुवात केली. गावोगावचे सुतार आणि घोडागाड्या बनवणारे कारखाने असे खोके करून देऊ लागले. १९१७ साली फोर्डनं एक टन माल वाहणारी मॉडेल टीटी काढली. किंमत ६०० डॉलर. पण ती नुसती चासी होती, म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन आणि चाकं. वरचा खोका ज्याचा त्यानं करून घ्यायचा.

एप्रिल १९२५ मध्ये फोर्डनं कारखान्यातूनच खोका बसवून आलेली पहिली गाडी विकायला काढली. तिचं नाव साधंच होतं : ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’. किंमत २८१ डॉलर. खोका पोलादी पत्र्याचा, सुमारे ५६ इंच लांब, ४० इंच रुंद आणि १३ इंच खोल. मागे फाळका, खाली जास्त दमदार पाटे, आणि भिंतीत चार चौकोनी खाचा. त्या वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या खपल्या.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या आहेत त्या चार खाचा. इंग्रजीत त्यांना ‘स्टेक पॉकेट’ म्हणतात. त्यांत लाकडी खुंट उभे करायचे, खुंटांना फळ्या मारायच्या आणि खोका हवा तेवढा उंच करायचा. गवत, कणसं किंवा रिकामी खोकी भरायची झाली की हे लागायचंच. आपल्याकडे बैलगाडीत कडबा भरताना बाजूला दांडे उभे करतात, तीच ही युक्ती.

म्हणजे पहिल्या दिवसापासून भिंतीचं काम ठरलेलं होतं : माल बाहेर सांडू द्यायचा नाही. ती होती कुंपण. वजन घ्यायचं ते तळानं. तेरा इंचांच्या, म्हणजे जेमतेम गुडघ्याला लागणाऱ्या त्या भिंतीवर कुणी ओझं ठेवेल असा विचार करायचं कारणच नव्हतं.

कुंपणाचा दिखावा झाला

पुढची तीसेक वर्षं पिकअपचा हौदा असाच राहिला. मागच्या चाकांच्या दोन मडगार्डांच्या मध्ये बसवलेला अरुंद खोका, बऱ्याच गाड्यांत लाकडी फळ्यांचा तळ, त्यावर सामान सरकवायला लोखंडी पट्ट्या. भिंत एकाच पत्र्याची. पत्र्याची वरची कड गुंडाळून गोल केलेली, म्हणजे हाताला लागू नये आणि पत्रा थोडा ताठ राहावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पैसा आला, गावं पसरली, घराघरात गाड्या आल्या. पिकअप शेतातून निघून घरासमोर उभी राहू लागली. घरासमोर उभं राहायचं तर दिसायला बरं हवं. १९५५ साली शेवरलेनं ‘कॅमिओ कॅरिअर’ आणली. तिच्या हौद्याच्या बाहेरच्या बाजू मोटारीसारख्या सपाट आणि गुळगुळीत होत्या. पण त्या होत्या फायबरग्लासच्या, नेहमीच्या पोलादी खोक्यावर बाहेरून चढवलेल्या. तिच्या बाहेरच्या भिंतीचं काम फक्त दिसण्याचं होतं.

गाडी महाग होती, फार खपली नाही, पण तिनं रस्ता दाखवला. १९५७ साली फोर्डनं ‘स्टाइलसाइड’ आणि १९५८ साली शेवरलेनं ‘फ्लीटसाइड’ नावानं पोलादाचेच सपाट हौदे काढले. खोका रुंद झाला, मडगार्ड भिंतीच्या आत गेले. पुढे भिंत दुहेरी झाली. बाहेरचा पत्रा रंगासाठी आणि रूपासाठी, आतला पत्रा सामानाचे ठोसे खाण्यासाठी. हे दोन पत्रे वर जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक रुंद, सपाट काठ तयार झाला.

आज आपण ज्यावर हात टेकतो, पाइप टाकतो, बसतो, तो हा काठ. तो वजन पेलण्यासाठी म्हणून कुणी योजलेला नव्हता. दोन पत्रे जोडताना वरची कड बंद करावी लागते, म्हणून तो आला. पण दिसायला रुंद आणि भक्कम. रुंद आणि भक्कम दिसणाऱ्या जागेवर माणूस काहीतरी ठेवणारच. भिंतीही वाढत गेल्या. तेरा इंचांवरून आजच्या मोठ्या अमेरिकन पिकअपमध्ये ही खोली एकवीस इंचांच्या वर गेली आहे.

वजन जातं कुठे?

इथे थोडं थांबून वजनाचा प्रवास बघू. हौद्याच्या तळावर पोतं ठेवलं तर त्याचं वजन तळाच्या पत्र्यावर, तिथून पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर, तिथून चासीच्या दोन लांब तुळयांवर, मग पाट्यांवर, एक्सलवर आणि शेवटी टायरमधून रस्त्यावर जातं. या वाटेवरचा प्रत्येक टप्पा वजनासाठीच बनवलेला आहे.

काठावर ठेवलेल्या वजनाला मात्र आधी उभ्या पत्र्यातून खाली यावं लागतं. हे समजायला घरी एक पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि त्याची एक बाजू कापून टाका. झाला पिकअपचा हौदा. आता भिंतीच्या काठावर सरळ वरून दाबा. बऱ्यापैकी दाब सहन होईल. तोच काठ बोटानं आडवा ढकला. कापलेल्या टोकाजवळ भिंत लगेच वाकेल, कारण तिला तिथे धरायला कुणी नाही. खऱ्या हौद्यातही फाळक्याजवळचं टोक असंच मोकळं असतं. पुढच्या बाजूला भिंत आडव्या पत्र्याला जोडलेली असते, म्हणून तिथे ती जास्त ताठ असते.

दुसरी गोष्ट धक्क्याची. भाजीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्याला पिशवी हळूच अडकवली तर काटा तिच्या वजनावर थांबतो. तीच पिशवी अडकवून हात एकदम सोडला, तर काटा आधी जवळजवळ दुप्पट आकड्यापर्यंत जाऊन मग मागे येतो. पिशवी तीच. फरक एवढाच की भार अचानक आला. खड्ड्यातून जाणाऱ्या गाडीच्या काठावर हेच दर क्षणी चालू असतं. म्हणून रॅक बनवणाऱ्या कंपन्या उभ्या गाडीसाठी एक आकडा देतात आणि चालत्या गाडीसाठी दुसरा, बराच कमी. कच्च्या रस्त्यासाठी तर त्याहूनही कमी.

म्हणजे ‘काठावर किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, हे इथेच दिसतं. वजन कुठे ठेवलं, पुढे की फाळक्याजवळ? ते सरळ खाली येतंय की बाहेर ओढतंय? एका बिंदूवर आहे की लांब पट्टीवर पसरलेलं? गाडी उभी आहे की पळतेय? चांगला रॅक काय करतो, तर लांब पट्टीनं वजन पसरवतो आणि पाय शक्यतो त्या जुन्या खाचांत किंवा त्यांच्याजवळ बसवतो. १९२५च्या चार खाचा शंभर वर्षांनीही उपयोगाला येतात त्या अशा.

दरवाजे अडकवणारी गाडी

हौदा नुसता डबा नाही, त्याला गाडीबरोबर थोडं हलावंही लागतं, हे फोर्डला १९६१ साली महागात कळलं. नेहमीच्या पिकअपमध्ये केबिन आणि हौदा वेगवेगळे असतात. दोन्ही चासीवर बोल्टनं बसवलेले आणि मध्ये बोटभर फट. ती फट वाया गेलेली जागा वाटते. खडबडीत रस्त्यावर भरलेली गाडी गेली की चासी पिळवटते आणि केबिन व हौदा आपापल्या परीनं हलतात. फटीमुळे ते एकमेकांना धक्का देत नाहीत.

१९६१ मध्ये फोर्डनं केबिन आणि हौदा सलग जोडून एकच शरीर केलं. पत्रे कमी लागले, जोडकाम कमी झालं, गाडी दिसायलाही देखणी झाली. जुन्या गाड्यांचे शौकीन आजही तिची गोष्ट सांगतात. हौदा प्रमाणाबाहेर भरला की पीळ थेट केबिनमध्ये जायचा आणि दरवाजे अडकून बसायचे, नाहीतर आपोआप उघडायचे. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीला तर फोर्डनं हे सलग शरीर दिलंच नाही. दोन वर्षं उलटली नाहीत तोच बाकीच्या गाड्यांवरही कंपनीनं ते गुंडाळायला घेतलं आणि सुटा हौदा परत आला.

हा धडा पुढच्यांनी लक्षात ठेवला. २००५ साली होंडानं ‘रिजलाइन’ ही सलग शरीराची पिकअप आणली, तेव्हा केबिनपासून हौद्याच्या काठापर्यंत तिरके, जाड आधार ठेवले होते. तिथे काठ खरोखरच रचनेचा भाग झाला होता.

आकडे कुणी लिहिले?

अमेरिकेत पिकअपला आजही ‘हाफ टन’, ‘थ्री-क्वार्टर टन’, ‘वन टन’ म्हणतात. हाफ टन म्हणजे हजार पौंड, साधारण साडेचारशे किलो. एकेकाळी हा खरा आकडा होता. आजची हाफ टन गाडी त्याच्या दुप्पट माल सहज नेते, पण नाव तेच राहिलं.

१९६६ साली अमेरिकेत मोटार सुरक्षेचा मोठा कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांनी हळूहळू गाडीच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवायला लावली. माल, माणसं, इंधन सगळं धरून गाडीचं वजन जास्तीत जास्त किती असावं, आणि प्रत्येक एक्सलवर किती, हे त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. सत्तरच्या दशकात आणखी एक नियम आला. तेव्हा हौद्यात अख्खं छोटं घर बसवून फिरायची लाट होती. त्या घराचं वजन किती चालेल, एवढंच नाही तर त्याचा गुरुत्वमध्य हौद्याच्या लांबीत कुठे असावा, हेही कंपनीनं सांगायचं असं ठरलं.

पण आकडा नेहमी पोलादाची ताकद बघूनच लिहिला जातो असं नाही. १९७५ मध्ये फोर्डनं एफ-१०० आणि एफ-२५० यांच्या मध्ये एक नवी गाडी घुसवली, एफ-१५०. त्या वर्षीच्या प्रदूषण नियमांचा फास ६००० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २७२० किलोंपेक्षा कमी एकूण वजनाच्या गाड्यांना बसत होता. त्यांना धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावावं लागणार होतं. एफ-१५०चा एकूण वजनाचा आकडा त्या रेषेच्या जरा वर ठेवला गेला आणि गाडी नियमातून सुटली. पुढे हीच गाडी अमेरिकेत प्रचंड खपली.

२०१५च्या एफ-१५०चं शरीर फोर्डनं ॲल्युमिनियमचं केलं आणि गाडीचं वजन सातशे पौंडांपर्यंत उतरवलं. २०१६ साली शेवरलेनं एक जाहिरात केली. दोन गाड्यांच्या हौद्यांत पाच फुटांवरून ८२५ पौंडांचे बांधकामाचे ठोकळे ओतले. नंतर काठावर ठेवलेली रिकामी टूलबॉक्स आत ढकलली. ॲल्युमिनियमच्या तळाला भोकं पडली, पोलादाला पोचे आले. प्रतिस्पर्ध्याची फजिती म्हणून ती जाहिरात गाजली. मला तिच्यात वेगळंच दिसतं. दोन्ही प्रयोगांत मार खात होता तो तळ. काठावर टूलबॉक्स होती, ती केवळ पडण्यासाठी. काठाची परीक्षा त्या जाहिरातीतही झाली नाही.

आकडे येतात ते एक्सलचे, टायरचे, एकूण वजनाचे, कारण तिथे कायदा मोजतो, वजनकाटा मोजतो, विमा कंपनी मोजते. काठ कुणाच्याच मोजमापात बसत नाही.

हौदा, हत्ती आणि माणसं

मराठीत ट्रकच्या मागच्या भागाला आपण हौदा म्हणतो. हत्तीच्या पाठीवरची बसायची जागा, तोही हौदा. अमेरिकन माणसाला तिथे ‘बेड’ दिसला, आपल्याला हत्ती दिसला. मे २००५ मध्ये टाटांची ‘एस’ आली. गिरीश वाघ यांच्या चमूनं घडवलेली, पुण्यात तयार झालेली, सातशे सीसीच्या दोन सिलिंडरची, पाऊण टन माल नेणारी छोटी गाडी. ‘छोटा हत्ती’ हे तिचं नाव घराघरात पोचलं. हौद्याला त्याचा हत्ती परत मिळाला.

पण हत्तीच्या हौद्यात माणसं बसायची, हा हौदा मालाचा आहे. हा फरक अमेरिकेतही एकदा मुद्दाम पुसला गेला. तिथे साठच्या दशकापासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयात कर आहे. तो चुकवायला सुबारूनं १९७८ मध्ये ‘ब्रॅट’ या पिकअपच्या हौद्यातच मागे तोंड केलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पक्क्या बसवल्या. खुर्च्या आहेत म्हणजे ही माणसांची गाडी, ट्रक नाही! काही वर्षांनी त्या खुर्च्या बंद झाल्या. निदान त्यांना धरायला मुठी होत्या आणि कमरेला पट्टा होता.

मी ज्या भागात वाढलो तिथे पिकअप ही सगळ्यांची गाडी आहे. सकाळी दूध, दुपारी खताची पोती, संध्याकाळी क्रिकेटची टीम. एसटी येत नाही तिथे पिकअप येते. म्हणून ‘हौद्यात बसू नका’ एवढं सांगून मोकळं व्हायला मला जड जातं. पण जे होतं ते नीट माहीत असावं.

केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा माल भरला तर २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहेत. माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर आला तरी २० हजारच. म्हणजे काठाबाहेर डोकावणारा बांबू कायद्याला दिसतो. विम्याचं गणित याहून कडक आहे. ‘न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध आशा राणी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये सांगितलं की मालवाहू गाडीतल्या प्रवाशांची भरपाई देण्याचं कायदेशीर बंधन विमा कंपनीवर नाही. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालाबरोबर असेल तर त्याला १९९४च्या दुरुस्तीनं संरक्षण आहे. वऱ्हाडी, जत्रेकरू, टीममधला अकरावा गडी यांना ते नाही. काही खटल्यांत ‘आधी कंपनीनं भरावं, मग गाडीमालकाकडून वसूल करावं’ असा मधला मार्ग कोर्टानं काढला आहे. पण तो वसूल होणारा पैसा कुणाचा? ज्यानं शेजारधर्म म्हणून पोरांना फुकट नेलं, त्याचा. एका हप्त्यावर घेतलेली गाडी आणि तिच्यामागे जमिनीवर चढणारा बोजा, असा तो हिशेब असतो.

आता काठावर बसलेल्या पोरांचा हिशेब करा. एका बाजूला सत्तर किलोचे चौघं म्हणजे २८० किलो, एकाच भिंतीवर, तळापासून दीड फूट वर. खड्डा आला की क्षणभर ते दुप्पट. वळण आलं की सगळ्यांचा कल बाहेर, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यात ज्या दिशेला भिंत पटकन वाकली त्याच दिशेला. त्यातही जो फाळक्याजवळ बसतो, तो सगळ्यात मोकळ्या टोकावर. पत्रा कदाचित तुटणार नाही. नुसता लवेल. पण बसलेल्या माणसाचा तोल जायला तेवढं पुरतं.

तर काठाचं व्यवहारी उत्तर असं. आडवा टाकायचा पाइप-बांबू शक्यतो रॅकवर घ्या आणि रॅकचे पाय खाचांशी किंवा पुढच्या ताठ भागाशी आहेत ना ते बघा. दोर बांधायचा तर काठाच्या पत्र्याला नको, तळातल्या किंवा चासीला जोडलेल्या हुकाला बांधा. जड वस्तू तळावर, पुढच्या बाजूला, एक्सलच्या जवळ ठेवा. आणि माणसं न्यायचीच वेळ आली, तर केबिनमध्ये जितकी बसतील तितकीच न्या आणि उरलेल्यांसाठी दुसरी फेरी मारा. दुसऱ्या फेरीला डिझेल लागेल. पुढच्या जत्रेला वर्गणी काढताना त्या फेरीचे पैसेही आधीच धरा. मांडववाल्याचे धरता तसेच.